मदत हवी आहे: जुन्या दहाचाकीतलं टायरची हवा दाखवणारं यंत्र कसं समजून घ्यायचं?

नमस्कार मंडळी,

नुकताच आम्ही एक जुना दहाचाकी ट्रक घेतला. लासलगावहून कांदा भरायचा, कसारा घाट उतरायचा आणि न्हावा शेवा गाठायचं, हाच मुख्य फेरा. आधीच्या मालकाने हवा दाखवणारं यंत्र बाहेरून बसवून घेतलंय. दहाही टायरच्या व्हॉल्व्हवर टोपणाच्या जागी सेन्सर आहेत आणि केबिनमध्ये छोटा स्क्रीन. पुस्तिका मिळाली नाही, मालकाचा फोन लागत नाही.

स्क्रीनवर मागच्या पहिल्या एक्सलचा डावा आतला टायर ८८ पाऊंड दाखवतो, बाकीचे ११० च्या आसपास. पण पंक्चरवाल्याकडे त्याच टायरला गेज लावला तर ११२ भरले! शेवटच्या एक्सलच्या उजव्या जोडीचे आकडे मधूनच जातात, नुसत्या रेघा दिसतात. आणि घाट उतरून कसाऱ्याला आलो की तापमानाचा अलार्म वाजतो, तोही मागच्याच टायरांचा.

आमचे ड्रायव्हर काका टामीने (लोखंडी दांड्याने) ठोकून आवाजावरून हवा ओळखतात आणि त्यांचा हात पक्का आहे. पण जोडीतला आतला टायर वीस-पंचवीस पाऊंड उतरला तर आवाजात फार फरक पडत नाही, आणि बाहेरून तो दिसतही नाही. भरलेली गाडी २८.५ टनांची असते. एक टायर बसला की त्याचं वजन शेजारच्यावर जातं, मग दोन्ही तापतात. उन्हाळ्यात घाटात टायर फुटला तर आमच्या गाडीबरोबर मागून येणाराही सापडणार. म्हणून हे यंत्र बंद करून टाकायचं नाहीये, समजून घ्यायचंय. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

दादा, यंत्र बहुतेक बरोबर आहे, जागा चुकल्यात. स्क्रीनवरचा चौकोन टायरला ओळखत नाही, सेन्सरला ओळखतो. प्रत्येक सेन्सरचा स्वतःचा नंबर असतो आणि बसवताना तो एकेका जागेला जोडलेला असतो. नंतर कुणी टायर पुढचे मागे केले किंवा स्टेपनी चढवली आणि सेन्सर टायरबरोबरच फिरले, तर स्क्रीन जुनीच जागा दाखवत राहतो.

गाडी उभी करा, स्क्रीन चालू ठेवा, आणि एकेक सेन्सर काढा. काढला की त्याला हवा शून्य लागते आणि तो लगेच बोंब मारतो. कुठला चौकोन लाल झाला ते खडूने टायरवरच लिहा. सेन्सरखाली चोरी होऊ नये म्हणून बारीक नट असतो, तो आधी सैल करा. आतल्या टायरला रिमच्या भोकातून हात घालावा लागतो, त्यामुळे चाकं थंड असतानाच करा.

आणि तो ८८ वाला टायर खरोखर कुठेतरी आहे बरं का. तो सापडेपर्यंत माल भरू नका.

प्रतिसाद २

तापमानाबद्दल सांगतो. टोपणवाला सेन्सर टायरच्या आतल्या हवेचं तापमान थेट मोजत नाही, तो व्हॉल्व्हच्या टोकाशी असतो. घाटात ब्रेक लागून ड्रम तापतो, रिम तापते, ती धग आधी त्यालाच लागते. म्हणून एकटा आकडा बघू नका, डावं-उजवं ताडून बघा. दोन्हीकडे सारखं चढलं तर घाटाची उष्णता. एकच चाक बाकीच्यांपेक्षा बरंच गरम असेल तर तिथे ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग गेलंय, गॅरेजला दाखवा. घाट खालच्या गिअरमध्ये, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडी रोखणारा) लावून उतरला तर फरक दिसेल.

चालून तापलेल्या टायरचा आकडा वर जातोच. तो बघून हवा काढू नका, थंड झाल्यावर कमी पडेल. अलार्मची मर्यादाही रात्रभर उभ्या गाडीच्या, पहाटेच्या आकड्यावरून लावा. किती भरायची ते टायर कंपनीच्या वजनाच्या तक्त्यात असतं. जोडीतल्या दोन टायरांत पाच पाऊंडांपेक्षा जास्त फरक नको.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. खडूची युक्ती लागू पडली. ८८ वाला सेन्सर निघाला त्याच एक्सलच्या उजव्या बाहेरच्या टायरवर, गेजनेही तेवढेच भरले. साबणाचं पाणी लावलं तर टायरला कुठेच काही नाही, पण सेन्सरच्या आट्यांपाशी बारीक बुडबुडे येत होते. आतला रबरी वॉशर चिरला होता. सेन्सर व्हॉल्व्हची पिन कायम दाबून ठेवतो, त्यामुळे वॉशर गेला की हवा हळूहळू जातच राहते. नवीन वॉशर टाकून हवा भरली, आकडा टिकलाय. काकाही आता गाडी काढण्याआधी स्क्रीन बघतात, टामी मारतात ती वेगळी.

शेवटच्या एक्सलच्या रेघा मात्र तशाच आहेत. सेल बदलले तरी फरक नाही.

प्रतिसाद १

मग सिग्नल पोचत नाहीये. मध्ये अख्खी लोखंडी बॉडी आहे आणि सेन्सरची ताकद थोडी. रिपीटर (सिग्नल पकडून स्क्रीनपर्यंत पुढे पाठवणारी डबी) बसवा, चेसिसच्या मागच्या भागात, चिखल उडणार नाही असा. घेताना २४ व्होल्टला चालतो ना, आणि तुमच्याच यंत्राच्या सेन्सरचे नंबर पकडतो ना, हे दुकानातच लावून बघा. पैसे त्यानंतर द्या.