क्रीडा प्रसारण कायदा आणि केबलचे ग्राहक

खासगी वाहिनीने कोट्यवधी रुपये मोजून घेतलेले सामन्याचे प्रक्षेपण सरकार दूरदर्शनसाठी फुकटात उचलते, असा आक्षेप घेतला जातो; तो मला अर्धाच पटतो. क्रीडा प्रसारण संकेतांच्या (सिग्नलच्या) सक्तीच्या सामायिकीकरणाचा २००७ चा कायदा सामन्याचे हक्क घेतलेल्या वाहिनीकडून संकेत मागतो हे खरे. परंतु त्यावर दूरदर्शनला मिळणाऱ्या जाहिरात उत्पन्नातील किमान ७५ टक्के वाटा हक्कधारकाला द्यावा, असेही त्यातच लिहिले आहे. आकाशवाणीसाठी हे प्रमाण निम्मे-निम्मे आहे. त्यामुळे 'फुकटात' हा शब्द टिकत नाही. भरपाई पुरेशी आहे का, असा वाद मात्र अवश्य घालावा.

चर्चेत अद्याप न आलेला मुद्दा केबलच्या ग्राहकांचा आहे. १९९५ च्या केबल कायद्यानुसार दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवणे केबलचालकावर बंधनकारक आहे, आणि त्याच वाटेने हे सामने खासगी केबल व डीटीएचवरही पोहोचत असत. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की २००७ च्या कायद्याखाली मिळालेला संकेत प्रसारभारतीने, म्हणजे दूरदर्शन व आकाशवाणी चालवणाऱ्या संस्थेने, स्वतःच्या भूप्रक्षेपणावर (साध्या अँटेनावर दिसणाऱ्या प्रक्षेपणावर) आणि 'फ्री डिश' या स्वतःच्या डीटीएच सेवेवरच वापरायचा आहे. परिणामी एकदाच तबकडी आणि पेटी विकत घेऊन मासिक शुल्काविना फ्री डिश पाहणाऱ्या घरात भारताचा एकदिवसीय सामना दिसतो, तर दरमहा पैसे भरणाऱ्या केबलग्राहकाला त्यासाठी क्रीडावाहिनीचे वेगळे शुल्क द्यावे लागते. महत्त्वाचे सामने लोकांना विनाशुल्क पाहता यावेत, हा कायद्याचा हेतू पाहता मला हा निकाल योग्यच वाटतो, जरी आमच्या इमारतीत हे मत फारसे लोकप्रिय नसले तरी.