इंकस्केप: आतला रंग पारदर्शक हवा, पण बॉर्डर गडदच राहायला हवी

रेघोटी:
दादर-माटुंगा-परळ पट्ट्यात पावसाळ्यात पाणी कुठे तुंबतं, त्याचा ए३ नकाशा इंकस्केपमध्ये (चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये) करतेय. खाली रस्ते आणि नावं, वर हिंदमाता, किंग्ज सर्कल वगैरे भाग निळ्या रंगाने भरलेले. ओपॅसिटी (रंग किती अपारदर्शक ते, टक्क्यांत) ४० केली की रस्ते दिसतात, पण बॉर्डरही तितकीच फिकी पडते. शिवाय दोन भाग जिथे एकमेकांवर चढतात तिथे तिसरीच गडद छटा तयार होते, आणि बघणाऱ्याला वाटतं की तिथे पाणी जास्त साचतं. प्रेसला ईपीएस (छपाईसाठीच्या चित्राचा एक फाइल प्रकार) फाइल हवी आहे. काय करावं?

नकाशेवाला:
तुम्ही जी ओपॅसिटी बदलताय ती फिल अँड स्ट्रोक (आतला रंग आणि बॉर्डर) पॅनेलच्या अगदी तळाची पट्टी आहे. ती अख्ख्या ऑब्जेक्टला लागते, म्हणून बॉर्डरही विरते. कंट्रोल+शिफ्ट+एफ दाबा, वरच्या फिल टॅबमध्ये जा, आणि तिथल्या रंगाच्या पट्ट्यांखाली जी ‘ए’ची पट्टी आहे ती ४० वर आणा. ए म्हणजे अल्फा, आणि तो फक्त आतल्या रंगाचा. तळाची ओपॅसिटी आधी परत १०० करा, नाहीतर दोन्हींचा गुणाकार होऊन रंग १६ टक्क्यांवर येईल. रंगाचा कोड हाताने टाकत असाल तर आठ अंकी कोडचे शेवटचे दोन अंक ६६ म्हणजे ४० टक्के.

एक सांभाळा. वेगवेगळ्या रंगांचे भाग एकदम निवडून अल्फा ओढू नका. इंकस्केप त्या सगळ्या रंगांची सरासरी काढतो आणि सगळे भाग एकाच रंगाचे होतात. एडिट मेनूतल्या सिलेक्ट सेममधून एकेका फिल कलरचे भाग निवडा आणि तेवढ्यांचाच बदला.

शाईघर:
वरचं बरोबर आहे, पण त्याने चढलेल्या जागेची गडद छटा जात नाही, कारण प्रत्येक भाग स्वतंत्रपणे पारदर्शक असतो. त्यासाठी पारदर्शकता लेयरला (चित्राच्या एकावर एक असलेल्या थरांपैकी एकाला) द्या. सगळे निळे भाग एका लेयरवर घ्या, अल्फा १००, आणि लेयर्स अँड ऑब्जेक्ट्स पॅनेलमधून त्या लेयरची ओपॅसिटी ४०. आता पूर्ण लेयर आधी एकत्र रंगतो आणि मग फिका होतो, त्यामुळे छटा एकच राहते. बॉर्डरसाठी त्यावर वेगळा लेयर करा: भाग कंट्रोल+डी ने डुप्लिकेट करा, शिफ्ट+पेजअप ने वरच्या लेयरवर न्या, त्यांचा फिल काढून टाका. खालच्या मूळ भागांचा स्ट्रोकही काढा. तो राहिला तर वरच्या बॉर्डरखाली फिकी बॉर्डर दडून बसते, आणि पुढे जाडी बदलली की डोकावते.

रस्त्यांची नावं निळ्याच्या वरच ठेवा. ४० टक्के निळ्याखाली काळी अक्षरं मळकट दिसतात, आणि ए३ वर लहान टाइप तर वाचताच येत नाही.

रेघोटी:
लेयरवाली युक्ती लागू पडली, छटा एकसारखी झाली. ईपीएसचं काय?

शाईघर:
ईपीएसमध्ये खरी पारदर्शकता नसतेच. सेव्ह करताना ती सपाट होते किंवा त्या भागाचं चित्र बनतं, मग रेघा दातेरी येतात. छपाईसाठीच्या पीडीएफ प्रकारांपैकी पीडीएफ/एक्स-१ए मध्येही पारदर्शकता चालत नाही, एक्स-४ मध्ये चालते. प्रेसला विचारा की पारदर्शकता असलेली पीडीएफ घेतात का. घेत असतील तर इंकस्केपमधून साधी पीडीएफ १.५ काढा आणि ती एकदा दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.

ईपीएसच पाहिजे असेल तर पारदर्शकताच टाळा. तुमचे रस्ते रेघांचे आहेत, तेव्हा निळे भाग सगळ्यात खाली टाका आणि रंग कागदावर मिसळल्यासारखा फिका करा. रंगाच्या लाल, हिरवा, निळा (आरजीबी) या प्रत्येक आकड्यासाठी २५५ मधून तो वजा करा, ०.४ ने गुणा, आणि उत्तर २५५ मधून वजा करा. आरजीबी ३१, १११, १७८ चा १६५, १९७, २२४ होतो. पांढऱ्या कागदावर हुबेहूब तोच परिणाम. खाली स्कॅन केलेला नकाशा असेल तर मात्र हे चालणार नाही, तो निळ्यावर बसून त्याला झाकेल.

नकाशेवाला:
प्रेसमध्ये फाइल कोरलड्रॉमध्ये (तसल्याच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडून दुरुस्त करणार असतील तर आकडा उलटा असतो. तिथे ट्रान्सपरन्सी मोजतात, ओपॅसिटी नाही, म्हणजे तुमचे ४० तिथे ६० होतात. ट्रान्सपरन्सी टूलच्या प्रॉपर्टी बारवर पारदर्शकता फक्त फिलला, फक्त आउटलाइनला की दोन्हींना द्यायची ते निवडता येतं. तिथे फिलच निवडलंय ना, हे फोनवर विचारून घ्या.