विषय: मुलासाठी डीएलए (डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स, इंग्लंडमधला जास्त सांभाळ लागणाऱ्या मुलांसाठीचा सरकारी भत्ता) – निदान हातात नसताना अर्ज करावा का?

सप्रेम नमस्कार मंडळी,

आमचा मुलगा सात वर्षांचा आहे. चिडला की भिंतीवर डोकं आपटतो, हाताला लागेल ते फेकतो, रस्त्यात हात सोडून पळतो. एडीएचडीच्या (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) तपासणीसाठी नाव नोंदवलंय, पण नंबर कधी लागेल ते कोणी सांगत नाही. डीएलएसाठी अर्ज करा, असं शाळेतल्या एका बाईंनी सुचवलं. पण निदानाचा कागद नाही, मुलगा धडधाकट चालतो-बोलतो. सासूबाई म्हणतात, पोरावर शिक्का कशाला मारून घेता? कोणी अर्ज केलाय का?

– मिल्टन कीन्सहून, एक आई

उत्तर:

ताई, अर्ज करा, आणि निदानासाठी थांबू नका. आम्ही थांबलो आणि दीड वर्ष घालवलं. मागचे पैसे मिळत नाहीत.

१६ वर्षांखालच्या मुलांच्या या भत्त्यासाठी आजाराचं नाव लागत नाही. त्याच वयाच्या इतर मुलांपेक्षा तुमच्या मुलाला किती जास्त सांभाळावं लागतं, ते बघतात. त्रास ३ महिने चालू असावा आणि पुढे किमान ६ महिने राहील असं दिसावं. आईवडिलांचा पगार बघत नाहीत. फॉर्म फोन करून मागवा. ६ आठवड्यांत भरून पाठवला तर फोनच्या तारखेपासून अर्ज धरतात.

आमचा पहिला अर्ज फेटाळला गेला, कारण लेकाबद्दल वाईट लिहायला माझा हात धजला नाही. 'कपडे स्वतः घालतो,' असं लिहिलं. मोज्याची शिवण टोचते म्हणून तो रोज पाऊण तास किंचाळायचा आणि मी त्याचे हात धरून बसायचे, हे लिहिलंच नाही. निर्णयाच्या पत्रापासून महिन्याभरात फेरविचार मागता येतो, तिथेही नकार आला तर ट्रायब्युनलकडे, म्हणजे स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे, अपील. फेरविचाराच्या वेळी मी दोन आठवड्यांची वही जोडली: किती वाजता, काय झालं, किती वेळ लागला, रात्री कितीदा उठले. तेव्हा भत्त्याचा सांभाळाचा भाग मधल्या दराने मंजूर झाला. नुसतं लक्ष ठेवावं लागणं हीसुद्धा गरज धरतात. रस्त्यात पळण्याचं जरूर लिहा. पाच वर्षांपासून पुढे अनोळखी ठिकाणी सोबत लागणाऱ्या मुलाला प्रवासाचा कमी दराचा भाग मिळू शकतो.

शिक्क्याचं माझी आईही म्हणायची. इथे राहायला आली, एक रात्र त्याच्याबरोबर जागली, आणि दुसऱ्या दिवसापासून वही तीच लिहू लागली.

– रेडिंगहून

उत्तर:

व्हिसावर 'सार्वजनिक निधीचा लाभ नाही' अशी अट असेल, तर आधी इमिग्रेशन सल्लागाराला विचारा. डीएलए त्या निधीच्या यादीत आहे. चुकून घेतला तर पुढे व्हिसाला अडचण येऊ शकते. स्कॉटलंडमध्ये डीएलएऐवजी चाइल्ड डिसॅबिलिटी पेमेंट आहे, त्याचा अर्ज वेगळा.

– ग्लासगोहून

उत्तर:

मीच ती मिल्टन कीन्सची आई. आम्ही आयएलआरवाले (इथे कायम राहण्याची परवानगी असलेले), मुलगा ब्रिटिश नागरिक. आज सकाळी फोन केला, फॉर्म येतोय. वही काल रात्रीच सुरू केली, पहिली नोंद २.१०ची. शाळेत त्याच्या प्रसंगांची नोंद ठेवतात, तिची प्रत तोंडी मागितली तर देतात की पत्र द्यावं लागतं?