एकाच गिऱ्हाइकाची ऑर्डर दोनदा कशी आली?

देवगडची_सून
नमस्कार. देवगडजवळ आमची हापूसची बाग आहे. पेट्यांच्या ऑर्डरसाठी भाच्याने छोटी वेबसाइट करून दिली, पण तो आता शिकायला बाहेर आहे, म्हणून इथे विचारते. परवा डोंबिवलीच्या एका काकूंची २ पेट्यांची ऑर्डर दोनदा नोंदली गेली, ११:०४ ला आणि ११:११ ला. मी ४ पेट्या टेम्पोत चढवल्यासुद्धा. काकू तेव्हा कोकण रेल्वेने परत चालल्या होत्या, रत्नागिरी नुकतीच सोडलेली. त्या म्हणतात, "अगं, पहिल्यांदा 'वेळ संपली' असं आलं, म्हणून परत दाबलं." मग पहिली ऑर्डर माझ्याकडे आली कुठून? क्लायंट-सर्व्हर म्हणजे काय, इथपासून सांगा.

मालवणचो
वैनी, माझ्याकडे पण ह्याच झाला होता. गिऱ्हाइकाक फोन करून इचारलंय, तर तो म्हणता एकच पेटी. कारण माका पण होया.

चिपळूणकर
ताई, पहिली ऑर्डर पोचली होती. पोचलं नाही ते तिचं उत्तर.

काकूंचा फोन म्हणजे क्लायंट, मागणारा. सर्व्हर म्हणजे कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये चोवीस तास चालू असलेला कॉम्प्युटर, ज्यावर तुमची वेबसाइट ठेवली आहे. तो आपणहून कुणाच्या दारात जात नाही. कुणी मागितलं की देतो.

वेबसाइटचं नाव टाकलं की फोन आधी डीएनएसकडून, म्हणजे इंटरनेटच्या नावांच्या डिरेक्टरीतून, त्या नावाचा आयपी पत्ता, म्हणजे सर्व्हरचा आकड्यांतला पत्ता, काढतो. मग सर्व्हरशी जोडणी: "आहेस का?" "आहे, माझं ऐकू येतंय ना?" "येतंय." फोन आणि सर्व्हरच्या बोलण्याचे नियम म्हणजे एचटीटीपी; त्याचा सुरक्षित प्रकार, एचटीटीपीएस, असेल तर लगेच कुलूपकिल्ली ठरते, म्हणजे मधल्या कुणाला मजकूर वाचता येत नाही. त्यानंतर खरी मागणी निघते. पान बघायचं तर 'गेट', ऑर्डर नोंदवायची तर 'पोस्ट'. सर्व्हर काम करतो आणि उत्तरावर आकडा घालतो: २०० म्हणजे झालं, ४०४ म्हणजे ते पान इथे नाही, ५०० म्हणजे बिघाड सर्व्हरकडेच.

माझे वडील टपालखात्यात होते. रजिस्टर पत्राला जोडलेली पोचपावती सही होऊन परत यायची. ती आली नाही की माणसं घरी येऊन भांडायची, आमचं पत्र हरवलंत म्हणून. वडील त्यांना ओटीवर बसवून, पाणी देऊन सांगायचे, "पत्राचा प्रवास वेगळा, पावतीचा वेगळा." सर्व्हरची कामं करताना मला हे वाक्य शंभरदा आठवलं असेल.

आता तुमच्या वेळा बघा. रत्नागिरी सोडली की भोके आणि उक्षीच्या मध्ये करबुडेचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. काकूंनी त्याच्या तोंडाशी बटण दाबलं असणार. मागणी गेली, नोंद झाली, आणि २०० परत येईपर्यंत डबा बोगद्यात. फोनने वाट बघितली आणि 'वेळ संपली' दाखवलं. याचा अर्थ एवढाच, की फोनला उत्तर मिळालं नाही. सर्व्हरकडे काय घडलं ते त्याला कळायला मार्गच नव्हता. बाहेर पडल्यावर रेंज आली, काकूंनी पुन्हा दाबलं. सर्व्हरला ती नवीकोरी मागणी वाटली, कारण एचटीटीपीत मागच्या मागणीची आठवण राहत नाही.

मालवणचो
पण टीसीपी, म्हणजे जोडणी सांभाळणारो नियम, हरवलेले तुकडे परत पाठवता आणि डबल इलेले गाळता ना? कॉलेजात ह्याच शिकवल्यानी.

चिपळूणकर
बरोबर शिकवलंय, पण ते एका जोडणीपुरतं. टीसीपी बाइटांना, म्हणजे माहितीच्या बारीक तुकड्यांना, क्रमांक देऊन त्यांचा हिशोब ठेवतो; 'ऑर्डर' म्हणजे काय ते त्याला माहीत नसतं. दुसऱ्यांदा बटण दाबलं की बाइट नवे, क्रमांक नवे.

म्हणून ओळख आपणच द्यायची. ऑर्डरचं पान उघडतानाच तिला एक क्रमांक द्या, तो फोनमध्ये साठवा आणि मागणीबरोबर पाठवा. डेटाबेसमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, त्या क्रमांकाची दुसरी नोंद होऊच द्यायची नाही. तोच क्रमांक परत आला, तर सर्व्हरने नवी ऑर्डर न लिहिता जुनीचंच उत्तर द्यावं. मग काकूंनी दहादा दाबलं तरी पेट्या २च. नुसतं बटण एकदा दाबल्यावर बंद करणं पुरत नाही. बोगद्यातून बाहेर आल्यावर माणूस पान पुन्हा उघडतोच.

देवगडची_सून
काकूंना विचारलं. बोगदाच होता! जास्तीच्या २ पेट्या त्यांनी शेजारी दिल्या आणि पैसे पाठवले, देव भलं करो. भाच्याला तुमचं सगळं जसंच्या तसं पाठवलंय, पण तो रविवारी बघणार. तोवर काय करू?

चिपळूणकर
रोज पेट्या भरण्याआधी यादी मोबाइल नंबरप्रमाणे लावा. एकाच नंबरवरून तासाभरात सारखीच ऑर्डर दिसली, तर आधी फोन करा, मग पेटी बांधा.