शब्दचर्चा: हिल्डोसेरस बायफ्रॉन्सच्या कवचासाठी मराठी शब्द

अनुवादक:
हिल्डोसेरस बायफ्रॉन्स या जुरासिक ॲमोनाइटचं, म्हणजे गुंडाळलेल्या कवचाच्या एका नामशेष समुद्री प्राण्याचं, वर्णन मराठीत करते आहे. नमुना इंग्लंडच्या यॉर्कशर किनाऱ्यावरच्या व्हिट्बीचा, वय सुमारे 18 कोटी वर्षं. व्होर्ल, अम्बिलिकस, रिब, कील, सूचर या शब्दांपाशी अडले आहे. त्याआधी एक मूळ शंका: याला 'शंख' म्हणायचं का? आणि 'शाळिग्राम' हा तयार शब्द हाताशी असताना तो का वापरू नये?

खडकवाट:
'शंख' टाळा. शंख म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे गोगलगायीच्या वर्गातला, उदरपाद प्राणी येतो. ॲमोनाइट शीर्षपाद, म्हणजे ऑक्टोपस, माकूळ आणि नॉटिलस यांच्या वर्गातला. शंखाची पोकळी टोकापर्यंत बहुधा सलग असते. ॲमोनाइटचं कवच आडव्या पडद्यांनी कप्प्या-कप्प्यांत विभागलेलं असतं आणि प्राणी राहायचा तो तोंडाकडच्या शेवटच्या मोठ्या कप्प्यात. त्यामुळे 'कवच' हाच शब्द बरा.

शाळिग्राम हा पूजेतला शब्द आहे, तिथे तो शोभतो. नेपाळच्या काली गंडकीत सापडणारे बरेच शाळिग्राम जुरासिक ॲमोनाइटच असतात आणि त्यांच्यावरचं 'चक्र' म्हणजे कवचाचे वेढे आणि त्यांवरचे उंचवटे. पण व्हिट्बीच्या दगडाला शाळिग्राम म्हटलं तर त्याचं गाव बदलतं. त्याची स्वतःची दंतकथा आहे: सातव्या शतकात तिथे मठ चालवणाऱ्या संत हिल्डा यांनी सापांचे दगड केले, अशी. दंतकथेला जुळावं म्हणून लोक ॲमोनाइटच्या तोंडाशी सापाचं डोकं कोरायचे. 1867 साली अल्फियस हायट यांनी हिल्डोसेरस ही प्रजाती वेगळी केली तेव्हा त्याच हिल्डाचं नाव तिला दिलं. 'सेरस' म्हणजे शिंग.

अनुवादक:
पटलं. व्होर्लसाठी 'वेटोळे', 'वलय', 'वेढा' असे तीन शब्द सुचतात.

खडकवाट:
वेढा. वलय स्वतःशीच मिटतं आणि हे कवच कुठेच मिटत नाही, ते वाढतच जातं. वेटोळं म्हणजे सगळी गुंडाळी. तिच्यातला एक फेरा म्हणजे वेढा. 'तिसऱ्या वेढ्यावर' असं सहज म्हणता येतं.

अम्बिलिकससाठी नाभी हा शब्द मात्र डोळे झाकून घ्या. आतले वेढे जिथे उघडे दिसतात तो मधला खोलगट भाग म्हणजे नाभी. हिल्डोसेरसची नाभी रुंद, आतले वेढे स्पष्ट दिसतात.

जुनी पाटी:
अशा कवचाला 'सैल वेढ्यांचं' म्हणतात असं मी एके ठिकाणी वाचलं आहे. चालेल का?

खडकवाट:
नाही चालणार. सैल म्हणजे एक वेढा दुसऱ्याला न टेकणारा. तसे ॲमोनाइट खरोखर होते. मध्य जुरासिकमधला स्पायरोसेरस बघा, त्याचे वेढे एकमेकांपासून सुटलेले असतात. हिल्डोसेरसचे वेढे घट्ट टेकलेले आहेत, फक्त बाहेरचा वेढा आतल्याला फारसा झाकत नाही. म्हणून 'उघड्या वेढ्यांचं' म्हणा, आणि ज्यांचा बाहेरचा वेढा आतल्यांना गिळतो त्यांना 'झाकल्या वेढ्यांचं'.

अनुवादक:
आता रिब आणि कील. शब्दकोशाप्रमाणे बरगडी आणि कणा.

खडकवाट:
इथे जरा थांबायला हवं, कारण या जातीची ओळख याच दोन गोष्टींवर आहे. नमुना हातात धरा आणि नाभीपासून बाहेरच्या कडेपर्यंत अंगठा फिरवत न्या. आधी एक जवळजवळ गुळगुळीत पट्टा लागतो. मग वेढ्याबरोबर गोल धावणारी एक उथळ खाच. ही बाजूवरची खाच हीच हिल्डोसेरस बायफ्रॉन्सची मोठी खूण. खाच ओलांडली की विळ्यासारखे वाकलेले ठळक उंचवटे सुरू होतात आणि बाहेरच्या टोकाशी ते कवचाच्या तोंडाकडे झुकतात. शेवटी बाहेरची कडा: मधोमध एक उभारलेली रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना एकेक खोल चर.

विळ्यासारख्या उंचवट्यांना मी 'कंगोरे' म्हणेन. बरगडी म्हटलं की आतलं हाड डोळ्यांपुढे येतं आणि हे तर कवचाच्या पृष्ठावरचं नक्षीकाम आहे. कणा तर अजिबात नको. मृदुकाय प्राण्याला कणा दिला की वाचक थेट पाठीच्या मणक्यांकडे जाईल. कडेवरच्या त्या रेघेला 'धार' म्हणा, डोंगराची धार म्हणतो त्या अर्थाने. हिल्डोसेरसच्या कडेला 'मधोमध धार, दोन्ही अंगांना चर' असं म्हटलं की चित्र पुरं होतं.

हा भेद शब्दांत टिकायलाच हवा. व्हिट्बीच्या किनाऱ्यावर डॅक्टिलिओसेरस हा दुसरा ॲमोनाइटही भरपूर मिळतो. त्याचेही वेढे उघडेच, पण त्याचे कंगोरे कडेजवळ दुभंगतात आणि गोलसर कडा ओलांडून पलीकडे जातात, धार नाहीच. हार्पोसेरस या तिसऱ्या ॲमोनाइटला धार आहे, विळ्यासारखे कंगोरेही आहेत, पण तो जास्त चपटा आणि त्याचे वेढे जास्त झाकलेले. 'रेघा', 'उंचवटे' असे मोघम शब्द वापरले तर तिन्ही एकसारखे वाटतील.

जुनी पाटी:
बाहेरच्या कडेला इंग्रजी वर्णनात पोटाची बाजू म्हणतात ना?

खडकवाट:
हो, कारण नॉटिलसशी तुलना केली तर ती प्राण्याची अधर बाजू ठरते. सामान्य वाचकासाठी 'बाहेरची कडा'च लिहा. पाठ्यपुस्तक असेल तर 'अधर कडा'.

अनुवादक:
सूचरसाठी 'सांधरेषा' की 'शिवण'?

भूशास्त्र शिकवणारी:
शिवण. कवटीच्या सांध्यांनाही आपण शिवण म्हणतोच. पडदा कवचाच्या आतल्या भिंतीला ज्या रेषेत चिकटतो ती रेषा म्हणजे शिवण. कवच शाबूत असेल तर ती दिसतच नाही. भिंत झडून गेली आणि आत भरलेला दगड उघडा पडला की दिसते. पडदा मध्यभागी साधारण सपाट असतो आणि भिंतीजवळ त्याला चुण्या पडतात, म्हणून रेषा इतकी नागमोडी. पहिल्यांदा पाहणारे पुष्कळ जण तिला पानांचा ठसा समजतात. तोंडाकडे फुगणारा वळसा म्हणजे 'खोगीर', मागे जाणारी ती 'पाळी'. ॲमोनाइटच्या जुन्या नातलगांपैकी गोनिएटाइटमध्ये दोन्ही साधे, सेराटाइटमध्ये फक्त पाळ्यांना दाते, आणि जुरासिक ॲमोनाइटमध्ये खोगीर आणि पाळी दोन्ही चिरफळलेली.

वर्गीकरणात शिवणीचं वजन मोठं आहे. सारखे कंगोरे दूरच्या कुळांतही वेगवेगळ्या काळी उगवतात. नुसते कंगोरे पाहून नातं जुळवलं तर फसगत होते. म्हणून वर्णनात शिवणीला किमान एक वाक्य द्या.

अनुवादक:
देते. वर्गीकरण असं लिहिलं आहे: संघ मृदुकाय, वर्ग शीर्षपाद, उपवर्ग ॲमोनॉइडिया, गण ॲमोनिटिडा, कुल हिल्डोसेराटिडी, वंश हिल्डोसेरस, प्रजाती बायफ्रॉन्स.

भूशास्त्र शिकवणारी:
शेवटचे दोन शब्द बदला. मराठी पाठ्यपुस्तकांत कुलानंतर 'प्रजाती' आणि मग 'जाती' येते; वरच्या पायरीला 'वंश'ही म्हणतात. सगळ्यात खालच्या पायरीला 'प्रजाती' म्हणणं हिंदीतून आलं आणि बातम्यांत रुळलं. तुमच्या मजकुरात एका पानावर हिल्डोसेरस प्रजाती आणि दुसऱ्या पानावर बायफ्रॉन्स प्रजाती असं झालं तर वाचक गोंधळेल. प्रजाती हिल्डोसेरस, जाती बायफ्रॉन्स.

जुनी पाटी:
नावापुढे ब्रुगिएर, 1789 असं कंसात आहे. वर तर 1867 लिहिलंय. खरं कोणतं?

भूशास्त्र शिकवणारी:
दोन्ही. जातीचं वर्णन ब्रुगिएर यांनी 1789 मध्ये 'अमोनायटिस बायफ्रॉन्स' म्हणून केलं, कारण त्या काळी जवळपास सगळे ॲमोनाइट एकाच प्रजातीत टाकले जायचे. हायट यांनी नंतर नवी प्रजाती काढली आणि ही जाती तिच्यात गेली. मूळ लेखकाने जाती दुसऱ्या प्रजातीत ठेवलेली असेल तर त्याचं नाव कंसात लिहितात. हा कंस सजावटीचा नाही, तेव्हा मराठीतही तो काढू नका: हिल्डोसेरस बायफ्रॉन्स (ब्रुगिएर, 1789).

आणि 'बायफ्रॉन्स' एकटं लिहू नका. देवनागरीत मोठी-लहान अक्षरं नसल्यामुळे सुटं जातिनाम कुणाचं ते कळत नाही. पहिल्यांदा पूर्ण नाव, पुढे 'हि. बायफ्रॉन्स'. 'बायफ्रॉन्स पट्टा' हा एक अपवाद: तो जुरासिकमधल्या टोआर्सियन काळातल्या खडकांचा, या जातीवरून ओळखला जाणारा थर आहे आणि तिथे तेवढंच नाव रूढ आहे.