नऊ महिन्यांची मुलगी पहाटे पावणेपाचलाच जागी होते: रात्री लवकर निजवावे की उशिरा?

नमस्कार. माझी मुलगी नऊ महिन्यांची आहे आणि गेले पाच आठवडे ती रोज पहाटे साडेचार ते पाचच्या दरम्यान उठते. चुळबुळ करून पुन्हा झोपी जाते असे नव्हे. टक्क जागी होते, उठून बसते आणि त्यानंतर काही केले तरी झोपत नाही. या वयाची बाळे सकाळी सहा-साडेसहाला उठतात, हे मला ठाऊक आहे आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. परंतु सहा वाजेपर्यंत ही डोळे चोळू लागते, कडेवर मान टाकते, कशातही रमत नाही. तिची झोप पुरी झालेली नाही असे मला मनापासून वाटते आणि तिची ती दमलेली अवस्था रोज पाहवत नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

बारा दिवस मी वहीत वेळा टिपून ठेवल्या. त्यांचे साधारण चित्र असे दिसते: रात्री ७.१५ ला झोप लागते, १.३० च्या सुमारास एकदा दूध पिण्यासाठी उठते आणि त्यात अर्धा तास जातो, पहाटे ४.४५ ला कायमची जाग येते. त्यानंतर सकाळी ६.३० ते ८.१५, दुपारी ११.१५ ते १२.३० आणि संध्याकाळी ४ ते ४.४० अशा दिवसाच्या तीन झोपा होतात. रात्री निजवल्यावर तिला झोप लागायला दहा-पंधरा मिनिटे लागतात आणि त्यासाठी फारसे रडणे होत नाही.

बालरोगतज्ज्ञांना दाखवून झाले आहे. वजन व्यवस्थित वाढत आहे, कान दुखत नाहीत, ती घोरत नाही, झोपेत श्वास अडखळत नाही. दात येत आहेत, पण ते दुखणे रोज नेमके पावणेपाचलाच जागे करील हे मला पटत नाही.

माझी खरी अडचण अशी आहे की, मला मिळालेले दोन सल्ले एकमेकांच्या अगदी विरुद्ध आहेत. काही जण म्हणतात की तिला रात्री उशिरा निजवा, म्हणजे सकाळी उशिरा उठेल. तसे सलग चार रात्री करून पाहिले. साडेआठला निजवले, तरी जाग साडेचार ते पावणेपाचलाच आली आणि चारही दिवस ती रडतच उठली. दुसरे म्हणतात की ती अति दमते, तिला आणखी लवकर निजवा. पण सहा वाजता निजवले तर ती साडेतीनलाच उठून बसेल, या भीतीने ते करण्याचे धाडस झालेले नाही. यातला कोणता उपाय कोणत्या बाळाला लागू पडतो, हे ओळखायचे कसे? ज्यांनी हा टप्पा पार केला आहे त्यांनी कृपया सांगावे. पहाटे जाग येताच मी तिला कुशीत घेऊन लगेच पाजते, हेही सांगून ठेवते, कारण त्याचा संबंध आहे की नाही ते मला कळत नाही.

प्रतिसाद १

तुम्ही वेळा टिपून ठेवल्यात हे फार चांगले केलेत, कारण उत्तर बऱ्याच अंशी त्यातच आहे. तुमच्या नोंदींची बेरीज केली तर रात्रीचे सुमारे ९ तास आणि दिवसाचे ३ तास ४० मिनिटे, म्हणजे एकूण १२ तास ४० मिनिटे होतात. चार ते बारा महिन्यांच्या बाळाला चोवीस तासांत, दिवसाची झोप धरून, १२ ते १६ तास झोप लागते. म्हणजे तिची एकूण झोप प्रमाणात, जरी खालच्या बाजूला असली तरी, बसते. ती पडते आहे मात्र चुकीच्या जागी. माझ्या मते रात्रीची वेळ बदलण्याआधी सकाळच्या ६.३० च्या झोपेकडे पाहायला हवे.

झोप दोन गोष्टींवर चालते. जागे राहिल्याने साचत जाणारी झोपेची गरज ही एक, आणि उजेड-अंधारावर चालणारे शरीराचे घड्याळ ही दुसरी. पहाटे चारपर्यंत पहिलीचा बहुतेक भाग फिटलेला असतो, त्याच सुमारास झोपेला साथ देणारे मेलाटोनिन ओसरू लागते आणि जागे करणारे कॉर्टिसॉल चढू लागते. त्यामुळे त्या वेळची झोप मुळातच पातळ असते; दाराखालून येणारी उजेडाची फट, दूरचा एखादा आवाज किंवा थंडावलेली हवा एवढेही जाग यायला पुरते. मध्यरात्री याच गोष्टींनी बाळ हलतही नाही. तशात उठल्यावर दोन तासांच्या आत पावणेदोन तासांची गाढ झोप हमखास मिळत असेल, तर शरीर तिलाच रात्रीचा शेवटचा तुकडा मानू लागते आणि पहाटेची झोप लांबवण्याचे त्याला काही कारण उरत नाही. ही सकाळची झोप पाहायला इतकी गोड असते की तिच्यावर कोणाचा संशय जात नाही. माझाही कित्येक आठवडे गेला नव्हता.

म्हणून निजवण्याची वेळ ७ ते ७.१५ अशीच राहू द्या आणि सकाळची झोप दर दोन दिवसांनी दहा मिनिटे पुढे सरकवा. दोन आठवड्यांत ती पावणेआठच्या आसपास येईल. शिवाय ती सव्वा तासाच्या पुढे जाऊ देऊ नका; झोपलेल्या बाळाला उठवणे जिवावर येते, तरीही. सहा वाजेपर्यंत खोली अंधारी ठेवा, दिवा लावू नका, बोलणे-खेळणे टाळा आणि सहा वाजता मुद्दाम पडदे उघडून तिला भरपूर उजेडात न्या. शरीराच्या घड्याळाला उजेडाइतकी स्पष्ट खूण दुसरी कोणतीही नाही. पहाटे गारवा वाढत असेल तर कपड्यांचा एक थर वाढवा किंवा अंगात घालायची झोपेची पिशवी वापरा. एक वर्षाच्या आतील बाळाच्या अंथरुणात सुटे पांघरूण आणि उशी नको.

तुमच्या मूळ प्रश्नाबद्दल: जे बाळ हसत-खेळत उठते, पुढे बराच वेळ ताजेतवाने राहते आणि रात्री निजायला पाऊण-एक तास लावते, त्याला थोडे उशिरा निजवून पाहावे. जे रडत उठते आणि रात्री पाठ टेकताक्षणी झोपते, ते बहुधा अति दमलेले असते. त्याला वीस-तीस मिनिटे आधी निजवल्याने फरक पडतो. तुमची मुलगी पूर्णपणे या दोन्हींत बसत नाही, परंतु साडेआठच्या प्रयोगात ती रडत उठली, यावरून उशिरा निजवणे तिच्यासाठी नव्हे एवढे नक्की म्हणता येईल.

मूळ प्रश्नकर्ती

आपले मनापासून आभार. सकाळच्या झोपेचा विचार मी कधीच केला नव्हता. उलट ती नीट झोपते म्हणून त्या वेळी सुटकेचा श्वास टाकत होते. एकच शंका आहे: पावणेपाचला ती रडू लागली तर तिला तसेच रडू द्यायचे का? ते माझ्याकडून होणार नाही. आणि पाजण्याचे काय करावे? तिला त्या वेळी खरोखर भूक लागलेली असते, असे मला वाटते.

प्रतिसाद १

रडू द्यायची काहीच गरज नाही. नुसती कुरकुर असेल तर दोन-तीन मिनिटे थांबून पाहा, कारण पातळ झोपेतली बाळे कण्हतात, कूस बदलतात आणि कधीकधी आपणच उचलून घेतल्याने पुरती जागी होतात. रडली तर जवळ घ्या, थोपटा, कुशीत धरा. फक्त हे सारे अंधारात आणि न बोलता करा. तिला पुन्हा झोप लागली नाही तरी चालेल, दिवस सुरू झालेला नाही एवढेच तिला समजायला हवे.

भूक खरी असते, त्यात शंका नाही, पण रोज ठरावीक वेळी दूध मिळाले की शरीर त्याच वेळी भूक लावायला शिकते. म्हणून ते एकदम बंद न करता दर दोन दिवसांनी दहा मिनिटे पुढे न्या आणि दिवसाच्या पाजण्यांत व वरच्या अन्नात थोडी भर घाला. रात्री दीडचे दूध मात्र आत्ता तोडू नका. एका वेळी दोन बदल केले, तर कशाचा उपयोग झाला ते कळणार नाही.

मूळ प्रश्नकर्ती

अकरा दिवस झाले, म्हणून कळवते. सकाळची झोप आता ७.२० ला लागते आणि सव्वा तासाने मी तिला उठवते. पहिले सहा दिवस काहीही बदलले नाही. पाचव्या दिवशी तर ती सव्वाचारलाच उठली आणि मी सगळे सोडून देण्याच्या बेतात होते. आठव्या दिवसापासून जाग ५.१० च्या आसपास येऊ लागली, काल ५.२५ ला आली आणि आज ५.४० ला. आज ती उठली तेव्हा रडत नव्हती. अंधारात स्वतःच्या पायांशी खेळत पडली होती.

आता नवा प्रश्न असा आहे की, संध्याकाळच्या झोपेला ती गेले तीन दिवस नकार देत आहे आणि ती झोप चुकली की सहा वाजताच पेंगू लागते. तिला आता दिवसाच्या दोन झोपा पुरतील अशी ही खूण समजावी का? आणि तसे असेल तर सवय लागेपर्यंत रात्री साडेसहाला निजवले, तर पहाटेची जाग पुन्हा मागे सरकेल का?