केबल न्यूज चॅनेलना तो नियम कधी लागूच नव्हता

ओहायोकर: परवा इथे अमेरिकेतल्या बातम्यांबद्दल पश्चिमा यांनी लिहिलं, "रेगनच्या काळात १९८७ साली फेअरनेस डॉक्ट्रिन गेलं म्हणून फॉक्स जन्मलं, तो नियम परत आणा, बातम्या सुधारतील." हे इतक्या गेट-टुगेदरमध्ये ऐकलंय की आता गप्प बसवत नाही. १९४९ चा तो नियम परवाना घेऊन लहरी वापरणाऱ्या रेडिओ-टीव्ही केंद्रांसाठी होता. लहरी मोजक्या, म्हणून ज्याला परवाना मिळाला त्यानं वादाच्या विषयाची दुसरी बाजूही ऐकवायची. रेड लायन खटल्यात १९६९ साली सुप्रीम कोर्टानं हेच उचलून धरलं. उजवीकडे झुकलेलं फॉक्स न्यूज आणि डावीकडे झुकलेलं एमएसएनबीसी, दोन्ही १९९६ ची, दोन्ही केबलवरची, म्हणजे तारेतून घरात येणारी. त्यांना लहरींचा नियम लावणार कसा? आणि समतोल झाला की नाही हे ठरवणार कोण? वॉशिंग्टनमध्ये त्या वेळी जो बसला असेल तो!

पश्चिमा: केबल राहू द्या, रेडिओचं बोला. १९८७ मध्ये नियम गेला, १९८८ मध्ये उजव्या विचारांचा रेडिओवाला रश लिंबॉ देशभर ऐकू यायला लागला. मी इंडियानात रोज पन्नास मैल गाडी चालवायचे. एएम रेडिओवर सकाळी एक, दुपारी दुसरा, घरी येताना तिसरा, तिघांचा सूर एकच. काँग्रेसनं या नियमाचा कायदा करायला घेतला होता, रेगननं व्हेटो केला. हेही लिहायचं होतं की.

ओहायोकर: रेडिओपुरतं मान्य. त्यापुढे नाही.

जुना_वाचक: उजव्यांनाच किती दिवस झोडपणार? २००४ मध्ये निवडणूक दोन महिन्यांवर असताना सीबीएस नेटवर्कवर वृत्तनिवेदक डॅन रादरनं राष्ट्राध्यक्ष बुशच्या तरुणपणीच्या नॅशनल गार्डमधल्या (राखीव सैन्यातल्या) सेवेवर ठपका ठेवणारी कागदपत्रं दाखवली. ती खरी असल्याचं सीबीएसला सिद्ध करता आलं नाही, माफी मागावी लागली. तेव्हापासून सीबीएस, एनबीसी, एबीसी या तिन्ही जुन्या नेटवर्कवरचा माझा विश्वास उडाला तो उडालाच.

कोकणची_लेक: नियम-कायद्याचं मला कळत नाही, घरातलं सांगते. २०२२ मध्ये बाबा सहा महिने आमच्याकडे होते. आम्ही दोघं ऑफिसात, बाबांसमोर दिवसभर एकच चॅनेल. गोळीबार, चोऱ्या, सीमेवरची गर्दी. ऑक्टोबरात त्यांनी सकाळचं फिरणं बंद केलं. बूट दाराशी धूळ खात. आमच्या गल्लीत दहा वर्षांत सायकलसुद्धा चोरीला गेलेली नाही! चिपळूणला २००५ च्या पुरात गळ्याइतक्या पाण्यातून शेजाऱ्यांना काढणारा माणूस पत्रपेटीपर्यंत जायला घाबरायचा.

जुना_वाचक: रिमोट त्यांच्याच हातात होता ना?

कोकणची_लेक: माझ्या बाबांबद्दल जपून बोला. परक्या देशात, गाडी नाही, बोलायला माणूस नाही. रिमोट हातात असून काय उपयोग?

पश्चिमा: माझ्या सासूबाईंचं नेमकं उलट झालं. दुसऱ्या बाजूचं चॅनेल लावून बसायच्या, रात्री बारापर्यंत "आता लोकशाही गेली" म्हणत झोप नाही. शेवटी बीपीची गोळी वाढवावी लागली.

जुना_वाचक: बोलण्यात चूक झाली, ताई. माझे वडीलही शेवटची दोन वर्षं त्याच खुर्चीत होते. मी रात्री आलो की आमचं फक्त भांडण व्हायचं.

ओहायोकर: धागा कुठल्या कुठे गेला, पण हे वाचून एक कबूल करतो. नियमाबद्दल मी बरोबर आहे, तरी बाबांना त्याचा काडीचा उपयोग नव्हता. खोटेपणाला चाप लागला तो कोर्टात: २०२० च्या निवडणुकीत घोटाळा केल्याचे खोटे आरोप चॅनेलवर झाले म्हणून मतदान यंत्रं बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीनं लावलेल्या दाव्यात २०२३ साली फॉक्सनं ७८.७५ कोटी डॉलर मोजून तडजोड केली. पण भीती दाखवल्याचा दावा कोण लावणार?

कोकणची_लेक: बाबा मेमध्ये पुन्हा येतायत. केबल काढून टाकलीय, छतावर अँटेना बसवलाय. लोकल बातम्या बघतील.

ओहायोकर: ते केंद्र कोणाच्या मालकीचं आहे, एवढं आधी बघून घ्या. २०१८ मध्ये सिंक्लेअर या कंपनीच्या मालकीच्या कितीतरी लोकल केंद्रांवरच्या निवेदकांनी वरून आलेला एकच मजकूर शब्दन् शब्द वाचला होता. केंद्राचा नंबर कळवा, मी शोधून देतो.